म्युनिक की लाइपझिग?

भाऊ, पुतणीच्या जर्मनीतल्या एक्स्चेंज सेमिस्टरसाठी (एक सत्र तिकडच्या विद्यापीठात शिकायचं) म्युनिक की लाइपझिग विचारलंत, अन् वर सगळे म्युनिकच म्हणून राहिले. मला नाही पटत. घरभाड्यात म्युनिक जर्मनीत सर्वांत महाग. स्कॉलरशिप नसेल तर व्हिसासाठी महिना ९९२ युरोप्रमाणे पैसे सहसा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (आधीच भरून ठेवायचे, दर महिन्याला ठरलेलेच काढता येतात असं खातं) ठेवावे लागतात, शहर कोणतंही असो. तेवढ्यात लाइपझिगला निभतं, म्युनिकला वरून पाठवावे लागतील. कापसाच्या भावावर ते जमेल का, तुम्हीच बघा.

हिवाळ्याच्या सेमिस्टरला गेली तर डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो. यवतमाळच्या उन्हात वाढलेल्या पोरीला थंडीपेक्षा तेच जड जाईल.

मात्र तिकडचे क्रेडिट (पास केलेल्या विषयांचे गुणांक) इथलं कॉलेज धरणार का, हे आधी लेखी घ्या. तोंडी ‘हो’वर तिकीट काढू नका.