अल्बर्ट आयलर ट्रिओ: ‘स्पिरिच्युअल युनिटी’ ऐकली, आता पुढे काय ऐकू?

सदरचा_श्रोता
नमस्कार मंडळी. मी नागपूरचाच, आजवर जॅझ म्हणजे माइल्स डेव्हिस अन थोडासा कोल्ट्रेन, एवढंच ऐकलेलं. परवा मित्रानं ही रेकॉर्ड पाठवली. रात्री कूलर बंद करून हेडफोन लावून बसलो, तर थोड्याच वेळात सॅक्सोफोन असा किंचाळला की हेडफोन काढूनच ठेवला, मग राहवेना म्हणून परत लावला. ड्रमचा ठेका सापडून नाही राहिला, बास आपल्याच वाटेनं चाललाय, तरी तीनदा ऐकली. या तिघांचं अजून काय आहे अन हे ऐकायचं कसं, सांगा ना कोणी.

इतवारीकर
भाऊ, हे तिघंच असे फार दिवस नव्हते, १९६४ चा एक उन्हाळा धरा. टेनर सॅक्सोफोनवर आयलर, डबल बासवर गॅरी पीकॉक, ड्रमवर सनी मरे. १४ जूनला न्यूयॉर्कच्या सेलर कॅफेत वाजवलं, ते ‘प्रॉफेसी’ नावानं निघालं पण १९७५ साली. १० जुलैला तुमची ‘स्पिरिच्युअल युनिटी’, चार तुकडे, अर्धा तासही पुरता नाही. ती काढली ईएसपी-डिस्कनं, बर्नार्ड स्टॉलमन नावाच्या वकिलाची कंपनी, आमची रेकॉर्ड कशी असावी ते कलाकारच ठरवणार असं कव्हरवर छापायची. पुढे डॉन चेरी ट्रम्पेट घेऊन आला, चौघं युरोपला गेले अन ट्रिओ संपला. कोल्ट्रेनच्या अंत्यविधीत आयलरनं वाजवलं होतं, १९६७ ला. १९७० च्या नोव्हेंबरात तो स्वतःच ईस्ट रिव्हरमध्ये मृत सापडला, वय फक्त ३४. मला अजून वाईट वाटतं.

तबल्याचा_विद्यार्थी
ठेका शोधू नका, सम येणारच नाहीये. मी बारा वर्षं तबला शिकतोय, मलाही आधी हेच जड गेलं. फक्त झांज ऐका, मरे ती सारखी सळसळत ठेवतो, पाऊस पत्र्यावर पडतो तशी, अन मागं त्याचा स्वतःचा कण्हण्यासारखा आवाजही येतो. १९६२ ला कोपनहेगनला पियानोवाला सेसिल टेलर अन सॅक्सोफोनवाला जिमी लायन्स यांच्यासोबतचं मरेचं वादन पण ऐका, तेही तिघंच, बास नाहीच.

महालवाली
मी वेगळं सांगते. आधी ‘घोस्ट्स’ची धून गुणगुणून पाहा, लहान पोरालाही येईल इतकी सोपी आहे. आयलर फ्रान्सला अमेरिकन लष्कराच्या बँडमध्ये वाजवायचा, ते त्यात ऐकू येतं. मला तर तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते तेव्हाची गर्दी आठवते, वाजंत्री जोरात, कोण कुठे वाजवतंय कळत नाही, पण सगळा रस्ता एकाच ओढीनं पुढं सरकतो. धून सुरुवातीला येते, मग तो तिचे तुकडे करतो, नुसता आवाज उरतो, अन शेवटी धून घरी परत येते. या रेकॉर्डवर ‘घोस्ट्स’ दोनदा आहे, पहिला अन शेवटचा तुकडा, दोन्ही लागोपाठ ऐका. ‘प्रॉफेसी’ नंतर.

सदरचा_श्रोता
ताई, आत्ताच ऐकले लागोपाठ. दुसऱ्यात धून परत आली तेव्हा काटा आला अंगावर, खरंच. अन झांज पण सापडली दादा, पीकॉक तिच्या खालून बोलतोय ते आज पहिल्यांदा कळलं. ‘प्रॉफेसी’ लावतोय.