मदत हवी आहे : टोकेलाऊबद्दल मुलांना काय सांगू?

नमस्कार मंडळी, आठवीच्या मुलांसाठी पॅसिफिकमधल्या टोकेलाऊवर अर्ध्या तासाचं व्याख्यान तयार करतेय. अताफू, नुकुनोनू आणि फकाओफो ही ३ कंकणद्वीपं (बांगडीसारखी गोल प्रवाळ बेटं), मिळून जमीन सुमारे १० चौरस किलोमीटर, वस्ती दीड हजाराच्या आसपास. विमानतळ नाही, सामोआतल्या आपियाहून बोटीने एक दिवसाहून जास्त लागतो. जमीन समुद्रापासून जेमतेम ५ मीटर उंच, म्हणून वाढत्या पाण्याची धास्ती कायमची. मला सगळ्यात भावलं ते हे की राजधानीच नाही! प्रमुखाला 'उलू' म्हणतात, आणि ते पद बेटांकडे आळीपाळीने जातं.

अडलंय पुढे. हा प्रदेश न्यूझीलंडच्या अखत्यारीत. २००६ आणि २००७ मध्ये स्वशासनासाठी सार्वमत झालं. दोन्ही वेळा बहुमत बाजूने होतं, पण दोन तृतीयांशाची अट थोडक्यात हुकली.

दुसऱ्या देशाच्या अखत्यारीतल्या अशा प्रदेशासाठी मराठीत नेमका शब्द कोणता वापरावा? 'वसाहत' फार कठोर वाटतो, 'आश्रित प्रदेश' तिथल्या लोकांना कमी लेखणारा. आणि जास्त मतं मिळूनही निर्णय का झाला नाही, हे तेरा वर्षांच्या मुलांना पटेल असं कसं मांडाल? नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा, शनिवारी तास आहे.