मदत हवी आहे: १९४८ ची लेहची धावपट्टी

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलांसाठी १९४७-४८ च्या भारत-पाक युद्धातल्या लेहच्या बचावावर लिहितेय. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने स्थानिकांना हाताशी धरून कच्ची धावपट्टी तयार केली आणि २४ मे रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना घेऊन तिथे डाकोटा विमान उतरवलं. साडेदहा हजार फुटांहून जास्त उंची, विरळ हवा, खाली नुसती माती नि वाळू! नोव्हेंबरमध्ये रणगाड्यांनी श्रीनगर-लेह वाटेवरची झोजिला खिंड मोकळी होईपर्यंत आधार काय, तर ही पट्टी आणि मनालीकडची खेचरांची वाट.

हवाई दलातल्या जाणकारांना विचारायचंय: अशा उंचीवर डाकोटातून नेमकं किती वजन नेता यायचं? दुपारी हवा तापल्यावर उड्डाण टाळायचे का? आणि मनालीच्या वाटेवरच्या हमालांबद्दल मराठीत कुठे काही वाचायला मिळेल? त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहीतच नाही, म्हणून मुद्दाम विचारतेय.