पुदिना वाळवताना काळा पडतोय, मदत हवी आहे

कुंड्यांमधला पुदिना, तुळस आणि गवती चहा सध्या इतका माजलाय की रोज चहात टाकूनही संपत नाही. वाळवून बरणीत भरून ठेवावा म्हटलं. दोनदा केलं, दोन्हीदा फसलं.

पहिल्या खेपेला पानं खुडली, धुतली आणि तशीच ओली कडक उन्हात पसरली. संध्याकाळपर्यंत कुरकुरीत झाली खरी, पण पुदिना काळा, तुळस त्याहून काळी आणि वास नुसता सुक्या गवताचा.

दुसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं. देठासकट शेंडे खुडून स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी सावलीत ताटात ठेवले. चौथ्या दिवशी पानं हाताला वाळलेली लागली, बरणी भरली. आठवड्याने झाकण उघडलं तर कुबट वास आणि एका देठाच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी बुरशी. सगळं फेकलं. गवती चहा तेवढा तरला. त्याच्या पात्यांनी बोटं कापली ती वेगळीच.

पानं धुवायची की नाहीत? माझा ओव्हन १०० अंशांच्या खाली येत नाही, तो चालेल का? आणि तुळशीला मंजिऱ्या आल्यात, आता खुडून उपयोग आहे का?

प्रतिसाद:

ओव्हन विसरा. वास ज्या तेलांचा असतो ती उडून जातात. ३५ ते ४० अंशांच्या वर नेऊ नये. कडक उन्हातही तेच होतं. काळं पडणं म्हणजे कापलेलं सफरचंद लाल पडतं तसाच प्रकार. पान चुरगळलं, ओलं राहिलं की लवकर होतो. म्हणून आदल्या संध्याकाळी झाडावरच पाणी मारून धूळ घालवा आणि सकाळी दव सुकल्यावर, ऊन चढायच्या आत खुडा. एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा पुरे.

दुसऱ्या खेपेला सावली बरोबर होती, जागा चुकली. ओट्याशेजारी दिवसभर वाफ! वारं खेळतं अशा खोलीत जाळीवर एकेरी थर द्या. आणि पान नका चाचपू, देठ मोडून बघा. वाकला तर ओल आहे, कट्कन तुटला तर झालं. बरणीत भरल्यावरही आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दमट धुकं दिसलं की परत पसरा.

मंजिऱ्या खुडून टाका. नवी पालवी येईल, ती कळ्या फुलायच्या आत घ्या. पानं अख्खीच ठेवा, चुरा कप भरताना करा.

धागाकर्ता:

देठ! मी नुसती पानंच दाबून बघत होतो. आज संध्याकाळी पाणी मारतो. गवती चहा अख्ख्या पात्यांचाच वाळवू की आधी कात्रीने तुकडे करू?

प्रतिसाद:

आधी तुकडे, बोटभर. वाळल्यावर पाती चिवट होतात, कात्री चालत नाही. आणि हातमोजे घाला की राव.