शब्द हवा आहे: लो-वेस्टवर घालायच्या पट्ट्याला मराठीत काय म्हणाल?

धागेदोरे (मूळ प्रश्न)

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं दहा मशिनींचं शिलाई युनिट आहे. शाळेचे युनिफॉर्म शिवतो. जूनची गडबड सरली की मशिनी बसून राहतात, म्हणून यंदा एक वेगळा माल काढलाय. लो-वेस्ट जीन्स घातली की काठावरून कमरेचं मांस बाहेर येतं आणि टॉप कितीही चांगला असला तरी त्याखाली ती कड उमटते. त्यासाठी हा रुंद, ताणणारा पट्टा. अर्धा जीन्सच्या काठावर, अर्धा अंगावर, वरून कुर्ती. बकल नाही, नक्षी नाही. दिसू नये हेच त्याचं काम.

माल जमला, नाव जमेना. 'कमरपट्टा' म्हटलं तर चाटी गल्लीतला दुकानदार विचारतो, चांदीचा का मोत्याचा? कारखान्यातल्या बायका 'पोटपट्टा' म्हणतात. ते ऐकून पहिलं गिऱ्हाईक आलं ते बाळंतीण सुनेसाठी. सासूबाईंना समजावता समजावता माझी दुपार गेली. पाकिटावर छापण्याजोगा मराठी शब्द सुचवा.

पोथीवाला

ताई, आधी कंबर कुठली ते बघू. 'कमर' फारसी, आपण अनुस्वार देऊन 'कंबर' करून घेतली. संस्कृत 'कटि' मात्र मराठीत वेगळ्याच वाटेने आली, ती 'कड' होऊन. मूल कडेवर घेतो ती कड हीच. कडदोरा, करदोरा, करदोटा ही सगळी त्याच घरची मंडळी.

नुसत्या पट्ट्याला जुने शब्द ढीगभर आहेत. अमरकोशात बाईच्या कमरेला मेखला, कांची, सप्तकी, रशना, सारसन अशी पाच नावं दिलीत आणि पुरुषाच्या कमरेला एकच, शृंखल. पण हे सगळे दागिने. मेखला आणखी एका ठिकाणी भेटते, मुंजीत. बटूच्या कमरेला मुंज गवताची मेखला बांधतात आणि त्या गवतावरूनच अख्ख्या संस्काराला 'मुंज' नाव पडलं. तुमच्या पाकिटावर मेखला छापलीत तर एक तर लग्नाचं गिऱ्हाईक येईल नाही तर मुंजीचं.

'कमरबंद' चालेल का? इंग्रजांनी हाच शब्द इथून उचलून 'कमरबंड' केला आणि मेजवानीच्या सुटावर काळ्या साटिनचा बांधायला लागले. 'बंद' सोलापूरकरांना सांगायला नको. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजामागे चालणाऱ्यांचा पांढरा अंगरखा, बाराबंदी, तिचं नाव बंदांवरूनच.

खडूपाटी

कटिबंध! अर्थ तंतोतंत, कमरेला बांधायचं ते. फक्त मे महिन्यात सोलापुरात विकताना 'उष्ण' आणि 'शीत' असे दोन प्रकार ठेवा.

कात्रीमास्तर

विनोद झाला असेल तर कामाचं बोलू. नाव द्यायच्या आधी वस्तू करते काय ते बघा.

लो-वेस्टमध्ये कंबर खाली जात नाही, कंबर आहे तिथंच असते. कमी होतं ते आसन, म्हणजे जांघेपासून पँटच्या वरच्या काठापर्यंतची उंची. साध्या पँटचं पुढचं आसन दहा-अकरा इंच धरलं तर यात सात-आठवर येतं. पूर्वी नेफा किंवा पट्टी बसायची कमरेच्या खोलगट जागी, तिथं हाडही नाही आणि मांसही बेताचं. आता ती बसते त्याखाली, भरल्या भागावर, आणि रुंदी दीड इंच. दीड इंचाची घट्ट पट्टी मऊ जागी बसली की वरचं वर येणारच. उशीला मधोमध सुतळी बांधून बघा.

म्हणून यात घट्टपणापेक्षा रुंदी महत्त्वाची. आणि दाब सगळीकडे सारखा नको. मध्ये जास्त, दोन्ही काठांकडे कमी, नाही तर वळी खालून हलून पट्ट्याच्या वरच्या काठावर येते. वरच्या काठाला लास्टिक ओढून शिवायचं नाही. आपल्या हाताला युनिफॉर्मच्या चड्डीची सवय, तिथं काठच घट्ट लागतो. इथं उलटं. ३२ च्या कमरेला २८ इंच कापड कापा, पण काठ सैल सोडा. बसल्यावर वरचा काठ गुंडाळला जात असेल तर आतून सिलिकॉनची बारीक पट्टी द्या. बकरम, म्हणजे कॉलरीतलं कडक अस्तर, घालायचा मोह आवरा. बकरम वाकत नाही, मोडतो.

आणि ते 'लो-वेस्ट' तसंच राहू द्या. मराठी केलं की लोकांना वाटतं कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं.

धागेदोरे

मास्तर, पहिल्या नगात अगदी हेच झालं. मी काठाला दुहेरी लास्टिक मारलं होतं. आमच्या चेकिंगच्या मुलीने घालून बघितला, तर कड गेली नाही, नुसती चार इंच वर सरकली. ती म्हणाली, "आक्का, घर बदललं फक्त."

पूर्व भाग

सोलापुरात नाव ठेवायचं तर नुसत्या मराठीवर भागायचं नाही. माझं घर पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणारं, शेजार कानडी. करदोट्याला आम्ही मोलताडू म्हणतो, शेजारी उडिदार. सोन्याचा असला की आमच्यात वड्डाणम. तीन भाषा, पण कुठंच तुमच्या वस्तूला शब्द नाही. कारण उघड आहे. आजवर कमरेला जे बांधलं ते दाखवायला किंवा धरून ठेवायला. लपवायला कुणी बांधलं?

खडूपाटी

पाकिटावर 'टायर घालवा' असं काही लिहू नका एवढीच विनंती.

पोथीवाला

अनुमोदन. 'वळी' लिहा. संस्कृत काव्यात पोटावरच्या तीन वळ्यांना त्रिवली म्हणतात आणि ते सौंदर्याचं लक्षण मानतात. वली म्हणजेच आपली वळी. ट्रकचा भाग कमरेला कुणी चिकटवला कोण जाणे.

नऊवारी

मला वाटतं सगळे चुकीच्या टोकाने शोधताय. कंबर, पोट, कटि ही झाली बांधायची जागा. वस्तू करते काय, ते क्रियापदात असतं आणि ते आपल्याकडे आहे: चापणे.

माझी आई नऊवारी नेसून झाली की दोन्ही तळवे कमरेवर ठेवायची आणि पोटावरून मागे, मांड्यांवरून खाली असे एकदा जोरात फिरवायची. निऱ्यांचा फुगा बसायचा, ओचा सपाट व्हायचा. मग आरशात न बघताच म्हणायची, "हं, बसलं." त्यालाच आपण चापूनचोपून नेसणं म्हणतो. आवळून नव्हे. आवळलेलं लुगडं वेगळं आणि चापलेलं वेगळं, नेसणाऱ्या बाईला विचारा. मास्तर जे काठाचं सांगतायत तो फरक हाच.

तर 'चापपट्टा' म्हणा. केसांचा चाप आणि बंदुकीचा चाप घरोघरी ठाऊक आहेत, तेव्हा जीभ अडणार नाही.

पोथीवाला

उत्तम. नवा शब्द पाडायला कचरू नका. ताई, तुमच्या पट्ट्यात जो ताणणारा धागा आहे तो १९५८ साली अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी काढला. त्याचं नाव 'स्पॅन्डेक्स' हे 'एक्स्पँड्स' या इंग्रजी शब्दाची अक्षरं मागेपुढे करून केलेलं. अक्षरं पिसून नाव ठेवतात, आपण तर अर्थ लावून ठेवतोय.

कात्रीमास्तर

चापपट्टा चांगलाय. आवळपट्टा म्हणाला असता तर मी उठून गेलो असतो.

धागेदोरे

ठरलं म्हणून काल पाकिटाचा नमुना छापून आणला. मोठ्या अक्षरात 'चापपट्टा', खाली 'वळी दिसू न देणारा'. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर ठेवला आणि बायकांना वाचायला दिला. आमच्याकडे निम्म्या तेलुगू, दोन-तीन कानडी, बाकी मराठी. मराठी बायकांनी मान डोलावली. तेलुगू बायका एकमेकींकडे बघून हसायला लागल्या. मला काही कळेना. मग ओव्हरलॉकवर बसणारी मावशी डोळे पुसत म्हणाली, "आक्का, आमच्यात चाप म्हणजे चटई. आता आम्ही पोटाला चटई बांधून फिरायचं?" पलीकडून कानडी बाई म्हणाली, आमच्यात पण चापे म्हणजे चटईच.

पूर्व भाग

अरे हो की! माझ्याच घरची भाषा, माझ्याच लक्षात आलं नाही.

नऊवारी

चटईसुद्धा अंथरून हाताने चापावीच लागते म्हणावं.

धागेदोरे

पाचशे पाकिटं छापायला दिली आहेत, चापपट्टाच. कारखान्यात मात्र आज सकाळपासून एकच हाळी चालू आहे: "आक्का, चटया किती काढायच्या?"