पितृपक्षासारखे दिवस बाहेरच्या देशांत कसे पाळतात?

सातारकर_सून
आमच्याकडे भाद्रपदात म्हाळ असतो. सासूबाई अजूनही पहाटे उठून सगळा स्वयंपाक स्वतः करतात, गवार, लाल भोपळा, कढी, खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, आणि पहिलं पान गच्चीवर कावळ्याला. मुलगी सातवीत आहे, तिने यूट्यूबवर मेक्सिकोचं बघितलं, फुलं काय, गाणी काय, साखरेच्या कवट्या काय, आणि आता विचारतेय की त्यांच्याकडे गेलेल्या माणसांचा सण असतो मग आपल्याकडेच नवीन ड्रेस नको, गाडी बुक करायची नाही, पंधरा दिवस सगळं अशुभ असं का? इथे बाहेर राहणारे बरेच जण आहात म्हणून विचारते, तुमच्याकडे या दिवसांत घरात नेमकं काय करतात, आणि मुलांना त्यात घेतात का? सासरे मागच्या वर्षी गेले, ती आजोबांची फार लाडकी होती, यंदा तिच्याही हाताला काहीतरी काम द्यायचंय.

नागोयाकर
ताई, जपानमध्ये ओबोन असतो, बहुतेक ठिकाणी १३ ते १६ ऑगस्ट. टोक्योत बऱ्याच घरी जुलैतच करतात कारण जपानने १८७३ मध्ये इंग्रजी कॅलेंडर घेतलं आणि काहींनी जुनी तारीख तशीच नव्या महिन्यात नेली. ओकिनावात अजून चांद्र तिथीनेच चालतं.

मुलांचं विचारलंत तर आमच्या घरमालकीणबाई नातवंडांना काकडी आणि वांगं देऊन बसवतात. काकडीला चार काड्या खोचायच्या की झाला घोडा, वांग्याला खोचायच्या की झाली गाय. घोडा का तर पितर घरी लवकर पोचावेत, आणि गाय का तर जाताना सावकाश जावेत आणि आपण दिलेलं सामान तिच्या पाठीवरून न्यावं. वांगं जरा वाकडं असेल तर चांगलं, गाय बसल्यासारखी दिसते. हे दोन्ही देव्हाऱ्यापाशी ठेवतात. १३ ला संध्याकाळी दारात छोटी आग पेटवून बोलवायचं, १६ ला तशीच पेटवून निरोप द्यायचा. क्योतोत १६ ला रात्री आठला पाच डोंगरांवर मोठमोठे आकार पेटवतात तो हाच निरोप. मधल्या दिवसांत गावोगावी संध्याकाळी बोन ओदोरी, म्हणजे मधे उंच मचाण, त्यावर ढोल आणि भोवती आजीपासून नातीपर्यंत सगळे गोल करून नाचतात. सरकारी सुट्टी नाही पण कंपन्या सुट्टी देतात आणि शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांसारख्या भरून जातात.

आणि यामागची गोष्ट आपल्याकडूनच गेलीय, बुद्धाचे शिष्य मौद्गल्यायन यांना आपली आई प्रेतलोकात उपाशी दिसते, त्यांनी दिलेला घास तिच्या तोंडाशी जाऊन जळतो, मग बुद्ध सांगतात की भिक्षूंना जेवू घाल. मुलीला ही गोष्ट नक्की सांगा.

झेंडूवाला_मेक्सिकोहून
व्हिडिओत कवट्या रंगवलेले चेहरे आणि मिरवणूक जास्त दिसते, पण मेक्सिको सिटीतली ती मोठी मिरवणूक २०१६ पासूनची आहे, त्याच्या आदल्या वर्षी एका बाँडपटात तशी दाखवली होती म्हणून सुरू केली. खरा सण घरात आणि कबरस्तानात असतो. १ नोव्हेंबर लहानपणी गेलेल्या मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. घरात टेबलावर पायऱ्या पायऱ्यांचं मांडतात, फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा ग्लास (लांबून येतात, तहान लागलेली असते), मीठ, धूप, या दिवसांतच मिळणारा गोडसर पाव, आणि त्या माणसाला जे आवडायचं ते सगळं. माझ्या ऑफिसातल्या एकीने वडिलांसाठी कोकची काचेची बाटली आणि त्यांच्या ब्रँडची सिगरेट ठेवली होती आणि ती ठेवताना दर वस्तूची गोष्ट तिच्या मुलांना सांगत होती, मला ते फार म्हणजे फार आवडलं.

दारापासून टेबलापर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, वासावरून पितरांना घर सापडतं म्हणून. आणि आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा याच भागातला, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आला.

पण तिथे दुःख नसतं असं अजिबात समजू नका. मेक्सिको सिटीतल्या मिस्कीकला, तिथल्या कबरस्तानात, २ तारखेच्या रात्री गेलो होतो, हजारो मेणबत्त्या, आणि कबरीपाशी बसून लोक रडत होते, मधेच हसत होते, मग परत रडत होते. दोन्ही एकत्र.

पंचांगवाचक
धागा चांगला आहे पण आपल्याकडे सगळं अशुभ हे मला मान्य नाही. श्राद्ध हे अशुभ कर्म नाही. हे पंधरा दिवस पितरांसाठी राखलेले म्हणून लग्न मुंज बाजूला ठेवतात, एवढंच. त्याचं पुढे "काहीच घ्यायचं नाही" असं भय झालं ते आपल्या लोकांनी वाढवलंय, आणि मुलांपर्यंत तेवढंच पोचतं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ताई, मुलीला एक काम द्या. श्राद्धात तीन पिढ्यांची नावं घेतात, वडील वसुरूप, आजोबा रुद्ररूप, पणजोबा आदित्यरूप. आई, आजी, पणजी यांचीही घेतात. गुरुजी विचारतात तेव्हा घरोघरी पणजीच्या नावाला सगळे एकमेकांकडे बघतात. तिने ही नावं आधी सगळ्यांना फोन करून गोळा करावीत, वहीत लिहावीत आणि त्या दिवशी तिनेच वाचावीत.

वळिवडे_ते_वॉर्सा
+१ नावांच्या वहीला.

पोलंडमध्ये १ नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी, सगळा देश कबरस्तानात. नाच नाही, गाणी नाहीत, खायचं मांडणं नाही. आधी जाऊन कबर घासून धुतात, पानं झाडतात, मग शेवंती आणि काचेच्या झाकणवाल्या मेणबत्त्या, त्या वाऱ्यात पण तासन् तास टिकतात. शहरात त्यासाठी जादा बस सोडतात. मुलं सोबत असतातच, आणि जिथे कोणी आलेलं नाही अशा अनोळखी कबरीवर एक मेणबत्ती लावायचं काम बऱ्याचदा त्यांच्याकडे असतं.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे बघताना वळिवडे आठवतंच. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बायका मुलंच जास्त, वळिवड्याच्या छावणीत राहिले, १९४३ ते १९४८. त्यातले जे गेले त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. तिकडे राहणाऱ्यांनी १ नोव्हेंबरला तिथे एखादी मेणबत्ती लावली तर मला फार बरं वाटेल.

सिंगापूरची_स्मिता
इथे चिनी सातव्या महिन्यात भुकेल्या पितरांचा महिना असतो, त्यातली पौर्णिमा बहुतेक वर्षी आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपासच येते. बिल्डिंगखाली लोखंडी पिंपात कागदी नोटा, कागदी शर्ट, हल्ली कागदी मोबाइलसुद्धा जाळतात. रात्री तंबूत गाण्यांचे कार्यक्रम असतात आणि पहिली रांग रिकामी सोडतात, ती पितरांची, तिथे बसायचं नाही. आणि इथेही या महिन्यात घर घेणं, लग्न करणं बरेच लोक टाळतात, म्हणजे तो प्रकार फक्त आपलाच नाही हे लेकीला सांगा.

सातारकर_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने वही घेतलीय. सासऱ्यांच्या आजीचं नाव सासूबाईंनाही माहीत नाही, म्हणून कऱ्हाडच्या आत्यांना फोन लावलाय, त्या म्हणाल्या जुन्या बाडात बघून सांगते. सासऱ्यांना शेंगदाण्याची चिक्की फार आवडायची, ती लेक स्वतः करणार म्हणतेय. पंचांगवाचक दादा, म्हाळाच्या पानावर चिक्की चालते ना? सासूबाई म्हणतायत गुरुजींना विचार, आणि गुरुजी फोन उचलत नाहीयेत.

पंचांगवाचक
गूळ, शेंगदाणे, साजूक तूप, न चालायला काय झालं. वाढा बिनधास्त, आणि कावळ्याच्या पानावरही एक तुकडा ठेवा.