वारस नोंदीची सही म्हणून हक्कसोडवर सही मागतायत, काय करू?

सिडकोतली_माहेरवाशीण

नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहते, माहेर निफाड तालुक्यात. नाना म्हणजे माझे वडील मागच्या वर्षी गेले, मृत्युपत्र वगैरे काही नाही. मागे आई, दोन भाऊ आणि मी. जमीन सहा एकर, त्यातली चार आजोबांकडून आलेली आणि दोन नानांनी स्वतः घेतलेली, सगळी द्राक्षबाग. वर्षश्राद्ध झालं आणि चौथ्या दिवशी मोठ्या भावाचा फोन, की वारस नोंद करायचीये, शुक्रवारी निफाडला रजिस्टर ऑफिसला ये, आधार न दोन फोटो आण, सही झाली की लगेच गाडीने सोडतो. मी म्हटलं अरे वारस नोंद तर तलाठ्याकडे होते ना, तर एकदम चिडलाच, तुला काय कळतं म्हणे. मग धाकट्या वहिनीने हळूच सांगितलं की कागद हक्कसोडीचा आहे, म्हणजे मी माझा हिस्सा भावांना सोडून दिला असा.

भावाचं म्हणणं असं की माझं लग्न १९९१ चं, आणि ९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नाही, शिवाय लग्नात नानांनी सोनं घातलं तीच माझी वाटणी. मला कोर्टकचेरी नकोय, आई धाकट्याकडे असते, दिवाळीला भाऊबीजेला जाणं तुटायला नको. पण नोंद सांगून हक्कसोड का? आणि ते ९४ चं खरं आहे का?

चावडीवरचा

ताई, रजिस्टर ऑफिसला बोलावलंय यातच सगळं आलं. महसुलात नोकरी केली म्हणून सांगतो, हे दोन कागद मुद्दाम एकात एक मिसळतात आणि बहिणी सही करून मोकळ्या होतात. वारस नोंदीला दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे त्या रजिस्टर ऑफिसला, जावंच लागत नाही. मृत्यूचा दाखला, अर्ज, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, एवढं तलाठ्याकडे द्यायचं (आता पद ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात तलाठीच म्हणतात), किंवा सरकारच्या ई-हक्क साइटवरून ऑनलाइन. मग फेरफार (नाव बदलाची नोंद) धरला जातो, नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी मंजूर करतो आणि सातबाऱ्यावर चौघांची नावं लागतात. अर्ज भावानेच केला पाहिजे असं नाही, तुम्हीही करू शकता.

हक्कसोड वेगळं. ते नोंदवावंच लागतं आणि बहिणीने भावाला मोबदला न घेता वडिलोपार्जित हिस्सा सोडला तर स्टॅम्प फक्त ५०० रुपये, २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत तर २०० च होता. स्वस्तात होतं म्हणून लोकांना तो किरकोळ कागद वाटतो. पण एकदा नोंदला की भावाने नुसतं ‘जाऊ दे, परत घे’ म्हटल्याने हिस्सा परत येत नाही, आणि फसवून घेतला म्हणायचं तर दिवाणी कोर्टात ते सिद्ध करत बसा. कुलमुखत्यारपत्रावर पण सही नको, आणि कोऱ्या स्टॅम्पवर तर अजिबात नको.

सीबीएस_कट्टा

वकिली करते, जिल्हा कोर्टात. ते ९४ चं भावाने कुठून आणलं ते सांगते, अगदीच हवेतलं नाहीये. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखं सहहिस्सेदार केलं होतं पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. गावागावात लोकांच्या डोक्यात तेच बसलंय. पण ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, त्यात लग्नाची अट नाही, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे. तुमचे वडील तर २००५ नंतरच गेलेत त्यामुळे प्रश्नच नाही. ‘आमची तोंडी वाटणी कधीच झाली’ असं उद्या निघालं तर त्यालाही सहसा किंमत नाही, २० डिसेंबर २००४ च्या आधीची नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा हवा.

हिस्सा किती ते विचारलं नाही तुम्ही पण सांगते. नानांनी घेतलेल्या दोन एकरांत आई, दोन भाऊ आणि तुम्ही, सरळ पाव पाव. आजोबांच्या चार एकरांचं गणित लांबचं आहे, आधी नाना, आई आणि तुम्ही तिघं भावंडं असे पाच भाग पाडायचे, मग नानांच्या एका भागाचे परत चार, पण फिरून उत्तर पावच येतं. म्हणजे सहा एकरांत तुमचे दीड एकर, साठ गुंठे. लग्नातलं सोनं यातून वजा होत नाही. आणि बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, त्यामुळे फी साठी अडून राहू नका.

बागवाला

मी भाऊ आहे म्हणून जरा आमची बाजू. फसवणं चूकच, ते सोडा. पण सातबाऱ्यावर चार नावं आली की कर्जाला, कुठल्याही प्रकरणाला प्रत्येकाची सही संमती लागते, बहीण पुण्याला, तिचा नवरा म्हणतो बघू, इकडे गोडी छाटणी तोंडावर आलेली असते आणि पैसा हातात नाही. वर्षभर बागेत कोण मरतं, औषधाच्या फवारण्या कोण करतं, याचा हिशोब कायदा करत नाही हो. मी माझ्या बहिणीला सरळ विचारलं, तिने हिस्सा ठेवला, मी दरवर्षी तिला उत्पन्नातला ठरलेला वाटा देतो, कागद केलाय. सुरुवातीला राग आला होता मला, खोटं कशाला बोलू.

गोदाकाठची

२०११ ला मी केली सही. आईने डोळ्यात पाणी आणलं म्हणून. तीन वर्षांत भावाने ती जमीन प्लॉटिंगवाल्याला दिली, मला पेढे आले फक्त. भाऊबीज अजून चालू आहे बरं का, माहेर तुटलं नाही, पण त्याच्या नव्या घरात बसून जेवताना घास अडकतो. आणि अजून एक कोणी सांगत नाही, सातबाऱ्यावर नाव असलं की तुम्ही शेतकरी, उद्या कुठे गुंठाभर शेतजमीन घ्यायची झाली तर तो पुरावा लागतो. माझा तो पण गेला.

चावडीवरचा

हे बरोबर. आणि ताई, शुक्रवारच्या आधी एक करा, सरकारच्या महाभूमी साइटवरून पंधरा रुपयांत डिजिटल सही असलेला सातबारा काढा आणि ‘आपली चावडी’ या साइटवर गावाची फेरफार नोटीस बघा, आधीच तुमचं नाव वगळून नोंद धरली असेल तर त्या पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, पोच घ्या. मुदत गेली तरी प्रांताधिकाऱ्याकडे अपील असतं, पण मग हेलपाटे.

सिडकोतली_माहेरवाशीण

सगळ्यांचे खूप आभार. आत्ता सातबारा काढला, अजून नानांचंच नाव आहे, फेरफारही धरलेला दिसत नाही. भावाला फोन केला, म्हटलं दादा नोंद आधी चौघांची होऊ दे, तलाठ्याकडे मी येते, पुढचं आईसमोर बसून बोलू, आणि कर्जाला माझी सही लागली तर एका फोनवर येईन. बागवाले दादांचं वाचून हे शेवटचं सुचलं. तो दोन मिनिटं काहीच बोलला नाही, मग म्हणाला, बरं, सोमवारी ये.

सीबीएस_कट्टा

सोमवारी जाताना अर्जाची झेरॉक्स घेऊन जा, आणि पोचेवर शिक्का मारून घ्या.